घराचा शोध आणि अंगणांतली अर्धी मोटार



“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. ज्या काळीं ती रूढ झाली त्या काळीं माणूस घर बांधी, आणि गवंडी, सुतार, पाथरवट यांच्या तऱ्हा सोसतां सोसतां शहाणा होई. आजच्या शहरांतील माणसाला घर बहुधा बांधावयाचें नसतें, शोधावयाचें असतें. म्हणून त्या म्हणींत “घर पाहावें शोधून” अशी दुरुस्ती केली, तर पुण्यामुंबईचा कोणी श्रोता हरकत घेईल असें मला वाटत नाहीं. बांधणाऱ्याला आपली भिंत रोज वीतभर चढलेली दिसते. शोधणाऱ्याला मात्र महिनाभर पायपीट करूनहि हातीं कांहीं लागल्याचें दिसत नाहीं. या न दिसणाऱ्या श्रमाचा मनावर जो भार पडतो त्याविषयीं, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या एका भाराविषयीं, मी आज बोलणार आहें. तो दुसरा भार म्हणजे हौसेनें हातीं घेतलेली आणि अर्ध्यावर राहिलेली मोटार.

हीं दोन टोकें एकत्र कशीं आलीं, असें आपण विचाराल. पुण्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीं उभ्या राहिलेल्या पुष्कळ सहकारी गृहनिर्माण संस्था सध्यां पुनर्विकासाला निघाल्या आहेत. अशा एखाद्या संस्थेंतील एक कुटुंब डोळ्यांपुढें आणा. इमारत रिकामी करून देण्याची तारीख ठरली आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत दोन-तीन वर्षें भाड्याचें घर हवें. घरांत वृद्ध आई आहे, मुलगी दहावींत आहे, नवराबायको दोघेंहि नोकरी करतात. आणि इमारतीच्या मागें, आंब्याखालीं, चार विटांवर एक ‘प्रीमियर पद्मिनी’ उभी आहे. ती वडिलांनीं घेतलेली. ते गेल्यावर मुलानें ती पूर्ववत् करण्याचा निश्चय केला, इंजिन उतरविलें, दारें काढून ठेवलीं, एका बाजूचा पत्रा बदलून घेतला. आणि तेथेंच काम थांबलें. त्यालाहि आतां सहा वर्षें झालीं. रविवारीं तो गाडीवरील ताडपत्री उचलूं लागला कीं पत्नी म्हणते, “अहो, राहायचें कुठें तें ठरलें नाहीं, आणि तुम्हांला ती गाडी सुचते!” तिचें म्हणणें खोटें नाहीं. भंगारवाल्याला बोलावण्याची भाषा निघाली कीं आई आंतून म्हणते, “ह्यांची गाडी आहे रे ती.” तिचेंहि म्हणणें खोटें नाहीं. दोन खऱ्या म्हणण्यांच्या मध्यें तो गृहस्थ उभा आहे आणि तारीख जवळ येत आहे. अशीं कुटुंबें एक-दोन नाहींत. कोठें मोटारीच्या जागीं जुनी स्कूटर असेल, कोठें मोटारसायकल, गोष्ट तीच.

प्रथम घराच्या शोधाकडे वळूं. घर मिळत नाहीं म्हणजे आपणच कोठें तरी कमी पडलों, असें शोधणाऱ्याला वाटूं लागतें. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि दाट वस्तीचे दोष साऱ्यांच्या डोळ्यांवर आले. १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडील नव्या वसाहती त्याच्या योजनांतून उभ्या राहिल्या. १९२० नंतर बी. डी. डी. चाळी बांधल्या गेल्या; त्यांतील एक खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यांत एक अख्खें बिऱ्हाड. पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या हजारों कुटुंबांना एका दिवसांत नवें छप्पर शोधण्याची पाळी आली. शहर वाढतें त्या वेगानें घरें वाढत नाहींत, हें या साऱ्याचें मूळ कारण. घर शोधणारा या मोठ्या ओघांत सांपडलेला असतो; त्याच्या लायकीचा त्यांत प्रश्न नसतो. एवढें मनाशीं पक्कें केलें तरी अर्धा ताप उतरतो.

उरलेला अर्धा ताप मात्र खरा आहे, आणि त्याचें माप घेण्याचा प्रयत्नहि झाला आहे. अमेरिकेंतील होम्स आणि राहे या दोघां संशोधकांनीं १९६७ सालीं आयुष्यांतील ४३ घटनांचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें. माणसाला नव्या परिस्थितीशीं जुळवून घेण्यास किती कष्ट पडतात, त्याचे गुण त्यांत दिले आहेत. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण. राहतें घर बदलण्याला २०. वीस हा आंकडा लहान दिसेल. परंतु घर बदलणें एकटें येत नाहीं. त्याच कोष्टकांत मोठ्या गहाण-कर्जाला ३१ गुण आहेत, राहणीच्या परिस्थितींतील बदलाला २५, आणि शाळा बदलण्याला २०. चारहि एकदम आले तर बेरीज ९६ होते. हें कोष्टक सरासरीचें आहे आणि परक्या देशांतील लोकांना विचारून केलेलें आहे, म्हणून तें प्रत्येकाला तंतोतंत लावूं नये. तथापि घर बदलतांना माणूस चिडचिडा कां होतो, रात्रीं मध्येंच जागा कां होतो, जेवतांना गप्प कां बसतो, हें त्या बेरजेवरून ध्यानांत येतें. अशा वेळीं एकमेकांच्या स्वभावाला दोष देण्यापेक्षां ती बेरीज आठवावी.

आतां अर्धवट कामाच्या भाराविषयीं. बर्लिन येथें कुर्ट लेव्हिन यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनीं १९२७ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कांहीं कामें पुरीं करूं दिलीं, कांहीं मध्येंच थांबविलीं. आणि पुढें विचारलें असतां थांबविलेलीं कामें माणसांना अधिक आठवलीं. दुसऱ्यांनीं केलेल्या प्रयोगांत हा स्मरणाचा निष्कर्ष सर्वत्र सारखा आढळला नाहीं. परंतु त्याच मंडळींतील मारिया ओव्हसियांकिना यांनीं १९२८ सालीं दाखविलेली गोष्ट अधिक टिकून राहिली: अर्धवट सोडलेलें काम, कोणी सांगितलें नाहीं तरी, पुन्हां हातीं घेण्याची ओढ माणसाला लागते. ताडपत्रीखालची मोटार येतांजातां डोळ्याला टोंचते ती या ओढीमुळें. आणि न ठरलेलें घर हेंहि एक अर्धवट कामच असल्यामुळें तें कचेरींत, बसमध्यें, देवापुढें उभें राहिल्यावरहि मनांतून जात नाहीं.

यावर उपाय काय? काम पुरें करणें हा उघड उपाय झाला. परंतु तो आपल्या हातीं असता तर हें भाषणच करावें लागलें नसतें. २०११ सालीं मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून एक उपयोगी गोष्ट पुढें आली. अपुरें काम मनांत मध्यें मध्यें येऊन दुसऱ्या कामांत व्यत्यय आणतें. परंतु तें केव्हां, कोठें आणि कसें करावयाचें याचा नेमका बेत ठरविला, तर काम झालेलें नसूनहि तो व्यत्यय दूर होतो. मन काम संपण्याचीच वाट पाहतें असें नाहीं. त्याला कामाचा ठाव हवा असतो.

शाळेंत हीच गोष्ट आम्ही मुलांना निराळ्या शब्दांत सांगत असूं. परीक्षेंत एखादें गणित सुटेना, तर त्याच्यापाशीं अडून बसूं नये. समासांत खूण करावी, जागा मोकळी सोडावी आणि पुढच्या प्रश्नाकडे जावें. खूण केलेलें गणित आणि सोडून दिलेलें गणित यांत फार अंतर आहे. पहिल्याकडे मुलगा शेवटच्या वीस मिनिटांत परत येतो. दुसऱ्याची भीति तीन तास त्याच्या मानेवर बसून राहते. घर आणि मोटार या दोन्ही गणितांवर अशी खूण कशी करावी, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

घराचें गणित आधीं घेऊं. पहिली खूण अटींची. कुटुंबांतील साऱ्यांनीं एका संध्याकाळीं बसून, ज्यांच्यावांचून चालणारच नाहीं अशा तीनच अटी एका कागदावर लिहाव्यात. आईचे गुडघे दुखत असतील तर तळमजला किंवा चालू लिफ्ट. मुलीची शाळा चालत गांठतां यावी. भाडें अमुक रकमेवर जाऊं नये. बाकीच्या साऱ्या गोष्टी, म्हणजे गॅलरी, पूर्वेचें दार, दोन न्हाणीघरें, या दुसऱ्या कागदावर. त्या मिळाल्या तर आनंद, न मिळाल्या तर चालेल. हर्बर्ट सायमन यांना १९७८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. माणसानें सर्वोत्तमाच्या मागें न लागतां, आधीं ठरविलेल्या मापाला उतरणारी पहिली वस्तु घ्यावी आणि शोध थांबवावा, हा त्यांचा विचार घर शोधणाऱ्यांना विशेष लागू आहे. तिन्ही अटी पुऱ्या करणारें घर दिसलें असतां “आणखी दोन पाहूं” म्हणणारा बहुधा तें एकहि गमावतो.

दुसरी खूण वेळेची. आठवड्यांतील दोन दिवस घरें पाहण्याचे, आणि एका दिवसांत तीनांहून अधिक घरें पाहावयाचीं नाहींत. चौथ्या घरीं पहिल्या घराचें न्हाणीघर आठवूं लागतें. त्याच संध्याकाळीं प्रत्येक घराला वहीचें एक पान द्यावें: भाडें, अनामत, दलाली, पाणी किती वाजतां येतें आणि किती वेळ टिकतें, खिडकींतून काय दिसतें, शेजारीं काय आहे. जें घर मनांत भरेल तें निराळ्या वेळीं पुन्हां पाहावें. सकाळीं आठाला नळाखालीं बादली लावून पाहावी. रात्रीं नवाला रस्त्यावरील आवाज ऐकावा. कपाटामागील भिंतीवर हात ठेवून ओल लागते का तें पाहावें, कारण नवा रंग पावसाळ्यापर्यंतच खोटें बोलूं शकतो. आणि इमारतीच्या रखवालदाराशीं पांच मिनिटें बोलावें. दलाल जें सांगत नाहीं तें तो न विचारतां सांगतो.

तिसरी खूण कागदाची. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे तो नोंदवावा लागत नाहीं, असा एक समज आहे. महाराष्ट्रांत तो चुकीचा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें असा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदविला पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. ज्यांना घर विकत घ्यावयाचें आहे त्यांनीं २०१६ चा स्थावर संपदा कायदा जाणून घ्यावा. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रांत त्याचें प्राधिकरण काम करीत आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक त्याच्याकडे पडताळून पाहतां येतो. विक्रीचा करार नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याची बांधकाम करणाऱ्याला मुभा नाहीं, आणि जागेचें माप चटई क्षेत्रावर सांगावें लागतें. कायदा ठाऊक असला कीं व्यवहार सुलभ होतोच असें नाहीं. परंतु रात्रींची झोंप बरी लागते, आणि आजचा आपला विषय झोंपेचाच आहे.

घर शोधतांना एक निराळें दुःखहि वाट्याला येतें, आणि त्याविषयीं बोलण्यास माणसें संकोचतात. आडनांव ऐकून, धर्म विचारून, स्वयंपाकघरांत काय शिजतें तें विचारून, अथवा स्त्री एकटी राहणार हें कळल्यावर, घर “आत्तांच गेलें” असें सांगण्यांत येतें. हें अन्याय्य आहे, आणि सभ्य भाषेंत सांगितल्यानें त्याचा अन्याय कमी होत नाहीं. घरमालकांनीं याचा विचार करावा. ज्याला हा नकार ऐकावा लागतो त्यानें मात्र तो आपल्या मोलाचा निवाडा समजूं नये. वहींतील त्या पानावर एक रेघ ओढावी, घरीं येऊन आपल्या माणसाला तें सांगावें, आणि त्या दिवशीं दुसरें घर पाहूं नये. मनांत दडवून ठेवलेला नकार दुसऱ्या दिवशीं मुलावर किंवा आईवर रागाच्या रूपानें बाहेर पडतो.

आतां मोटारीकडे येऊं. या गाडीविषयीं महाराष्ट्रांतील माणसाला जें ममत्व आहे त्याला कारण आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ‘फियाट अकराशें’ निघूं लागली आणि तीच पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघर पोंचली. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें साधें इंजिन, ज्याचा प्रत्येक भाग कोपऱ्यावरील मिस्त्रीला कळे. कित्येक कुटुंबांची ती पहिली मोटार. तिचें उत्पादन थांबून वीसांहून अधिक वर्षें झालीं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीहि उतरली. तेव्हां ज्याच्या दारांत अशी एखादी उभी आहे, त्याला ती भंगार वाटत नाहीं याचें नवल नको.

परंतु ममत्व निराळें आणि काम निराळें. विटांवर उभी असलेली मोटार जशी ठेवली तशी राहत नाहीं. टाकींतील पेट्रोल जुनें होऊन कार्ब्युरेटरमध्यें चिकट थर धरतें. ब्रेकच्या सिलिंडरांतील रबर आटतें. बॅटरी मरते, टायर एका जागीं बसतात, उंदीर तारा कुरतडतात, आणि पावसाळ्यागणिक पत्र्याखालील गंज वाढतो. म्हणून “सध्यां आहे तशी राहूं द्या” हा निर्णय दिसतो तसा फुकटाचा नाहीं. दुसऱ्या बाजूनें, आजवर इतके पैसे घातले म्हणून आणखी घालावयाचे, हेंहि बरोबर नव्हे. गेलेल्या खर्चाकडे पाहून माणूस पुढचा खर्च कसा करीत सुटतो, हें आर्क्स आणि ब्लूमर यांनीं १९८५ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. आपल्याकडे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला घालणारा माणूस त्याच्या कितीतरी आधींपासून प्रसिद्ध आहे. विचारावयाचा प्रश्न एकच: आज ही गाडी याच स्थितींत कोणी फुकट देऊं केली, तर पुढील खर्च, जागा आणि रविवार हिशेबांत धरून मी ती घेईन काय?

या प्रश्नाचें उत्तर घराच्या शोधाआधीं द्यावें, मागाहून नव्हे, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. कारण न ठरलेली मोटार ही घराच्या कागदावर न लिहिलेली चौथी अट होऊन बसते. घर सर्वांना आवडतें, आणि तो गृहस्थ मात्र खालीं जागा किती आहे तें पाहत उभा राहतो; कां तें स्वतःशींहि कबूल करीत नाहीं. समजा, गाडीसाठीं बंदिस्त जागा हवी म्हणून महिन्याला दोन हजार रुपये अधिक पडले. वर्षाला २४ हजार, आणि पुनर्विकासाच्या तीन वर्षांत ७२ हजार झाले. हे बहात्तर हजार आपण आनंदानें देणार असूं तर अवश्य द्यावेत. परंतु ते न मोजतां देऊं नयेत. तसेंच, भाड्याच्या घराबरोबर बहुधा एकाच गाडीची जागा मिळते. न चालणारी गाडी तेथें उभी केली तर चालती गाडी रस्त्यावर जाते. नव्या इमारतींतहि हा विचार ठेवावा. मोकळ्या किंवा खांबांखालच्या जागा बांधकाम करणाऱ्याला स्वतंत्रपणें विकतां येत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दिला आहे. त्या साऱ्या सभासदांच्या सामाईक असतात, आणि तेथें अर्धी मोटार वर्षानुवर्षें ठेवणें शेजाऱ्यांनाहि रुचत नाहीं.

उत्तरें चार असूं शकतात. पहिलें, गाडी पुरी करणें. तें निवडलें तर मिस्त्रीकडून कामांची यादी करून घ्यावी आणि क्रम उलटा लावूं नये. आधीं सांगाडा आणि गंज, मग ब्रेक व सुकाणू, मग इंजिन, मग तारा. रंग सर्वांत शेवटीं. पुष्कळ गाड्या अर्ध्यावर राहतात त्या रंगाचा उत्साह आधीं संपल्यामुळें. सुटे भाग मुंबईच्या चोर बाजारांत किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारांत शोधण्यांत गंमत आहे, परंतु यादी हातांत ठेवूनच जावें. कागदपत्रेंहि या कामाचाच भाग आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. गाडी वडिलांच्या नांवावर असेल तर वारसानें त्यांच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून, तीन महिन्यांत नमुना ३१ चा अर्ज करावयाचा असतो. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील गाड्यांसाठीं २०२१ मध्यें स्वतंत्र नियम झाले आहेत. परंतु तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला घेतां येत नाहीं.

दुसरें उत्तर, जो ती पुरी करील त्याच्या हातीं देणें. तिसरें, नोंदणीकृत केंद्रांत रीतसर मोडीत काढून तिची नोंद रद्द करून घेणें. हीं दोन्ही उत्तरें कडू आहेत, विशेषतः आईला. येथें घाई करूं नये. आईला विचारावें, आणि विचारणें म्हणजे ठरवून सांगणें नव्हे. तिला गाडी हवी असते असें नसतें. त्या गाडींतून केलेला जेजुरीचा प्रवास, पहिल्या नातवाला इस्पितळांतून घरीं आणलेला दिवस हवा असतो. सुकाणूचें चक्र, पुढची नांवाची पट्टी, भोंपू यांपैकीं एखादी वस्तु नव्या घरांत भिंतीवर लावतां येते. गाडी जाण्यापूर्वीं साऱ्या कुटुंबानें तिच्याभोंवतीं उभें राहून एक छायाचित्र काढावें, आणि आईनें तिला हळदकुंकू लावावें. ज्याला निरोप दिला त्याची रुखरुख उरत नाहीं. ज्याला नुसतें हलविलें त्याची उरते.

चौथें उत्तर गणितांतील खुणेचें. गाडी ठेवावयाची, परंतु आत्तां हात लावावयाचा नाहीं. हेंहि मानाचें उत्तर आहे. मात्र तें पुरेपूर पाळावें. सुटे भाग पिशव्यांत घालून प्रत्येकावर चिठ्ठी लावावी: कोणता भाग, कोठून काढला, काय बाकी आहे. नटबोल्ट ज्या भागाचे त्याच्याच पिशवींत ठेवावेत. टाकी रिकामी करावी, बॅटरी काढून घ्यावी, चारी बाजूंचीं छायाचित्रें काढावीं. गांवाकडे कोरडी पडवी असेल तर तेथें, नसेल तर भाड्याच्या जागेंत ती पोंचवावी, आणि दिनदर्शिकेवर तारीख लिहावी: अमुक महिन्यांत पुन्हां पाहूं. त्या तारखेला जमलें नाहीं तर पहिल्या तीन उत्तरांपैकीं एक निवडूं, असें पत्नीला सांगून ठेवावें. अशी मिटून ठेवलेली मोटार आणि टाकून दिलेली मोटार बाहेरून सारख्याच दिसतात. परंतु एक मनाला मोकळें सोडते, दुसरी सोडीत नाहीं.

मोटारीच्या बाजूनेंहि दोन शब्द बोलले पाहिजेत. घराचा शोध पुष्कळसा दुसऱ्यांच्या हातीं असतो. मालक, दलाल, बँक, संस्थेचे पदाधिकारी, यांच्या होकारावर तो अडतो. दिवसेंदिवस दुसऱ्यांच्या होकाराची वाट पाहणाऱ्या माणसाला, ज्यांत केवळ आपला हात चालतो असें एखादें काम लागतें. रविवारीं तासभर पान्हा घेऊन बसावें, कार्ब्युरेटर धुवावा, दाराची एक मूठ घांसून लखलखीत करावी. एक तास, एक भाग, आणि उठतांना तो भाग पुरा झालेला असावा. अशा तासाला कोणी चैन म्हणूं नये. घरांतील माणसांनीं तो तास त्याला द्यावा, आणि त्यानें तो तासाचा दीड तास करूं नये. पत्नीच्या वाट्यालाहि तिचा असाच तास यावा, हें निराळें सांगावयास नको. या धांदलींत आपल्याहि तासाची आठवण राहिलीच नाहीं, असें बहुतेक बायका सांगतील.

शेवटीं घरांतील शांततेविषयीं. आठवड्यांतून एक वार असा ठरवावा कीं त्या दिवशीं घराचें नांव काढावयाचें नाहीं आणि मोटारीचेंहि नाहीं. जेवतांना वही मिटलेली असावी. मुलीच्या दहावीच्या वर्षांत घर बदललें हें तिला आयुष्यभर आठवेल. त्याबरोबर आईवडील एकमेकांवर ओरडत होते हेंहि आठवावें काय, हें आपल्या हातीं आहे. घर आज ना उद्यां मिळतें. तें मिळेपर्यंत जें घर आपल्यापाशीं आहे, म्हणजे एका ताटाभोंवतीं बसणारीं हीं चार माणसें, तें मोडूं नये.

“एक ना धड, भाराभर चिंध्या” असें आपले वडील म्हणत. चिंध्या साऱ्यांच्याच घरांत असतात. त्या एका दिवसांत शिवून होत नाहींत. परंतु कोणती आज शिवावयाची, कोणती घडी करून ठेवावयाची आणि कोणती दुसऱ्याला द्यावयाची, एवढें ठरविलें तरी गांठोडें हलकें होतें. जे श्रोते या क्षणीं घराच्या शोधांत असतील त्यांना तीन अटींचा तो कागद आज रात्रींच लिहावासा वाटो, आणि ज्यांच्या दारांत अर्धी मोटार उभी असेल त्यांना तिच्यासाठीं एक तारीख सांपडो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.